चेहऱ्यावर उमटलेला डोंगर

खंडाळ्यात दिवस हमरस्त्याच्या आवाजाने उजाडतो. खंबाटकीचा घाट चढण्याआधी मालट्रक गिअर बदलतात आणि तो घरघराट गावभर पसरतो. त्याच वेळी घराघरांत पूजा चाललेली असते. देव ताम्हनात उतरवलेले असतात. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवतांचे चांदीचे टाक. आणि बऱ्याच घरांत या देवांच्या जोडीला एक जुना चांदीचा रुपया असतो. कुणाकडे राणी छाप, कुणाकडे पंचम जॉर्जचा. कधीतरी लक्ष्मीपूजनाला तो बाहेर काढला गेला आणि मग देवांतच राहिला. त्यालाही अंघोळ, त्यालाही गंध, त्यालाही अक्षता.

असा रुपया हातात घेऊन पाहावा. एक तोळा वजन. राणीचं नाक झिजलेलं असतं, कारण नाक सगळ्यांत वर आलेलं. गालाचा उंचवटा सपाट झालेला असतो. केसांच्या बारीक रेघांत मात्र हळद साठलेली असते, आणि ती कितीही घासली तरी निघत नाही. काठावरची इंग्रजी अक्षरं चेहऱ्यापेक्षा चांगली टिकलेली असतात. पण ती वाचायला कुणी नाणं हातात घेत नाही.

ही बाई त्या घराची कुणी लागत नाही. तिच्या राज्यात त्या घराने सारा भरला असेल, दुष्काळ सोसला असेल. तरी रोज सकाळी तिच्या कपाळावर बोट टेकतं. पूजा तिची नसते. ती चांदीची असते, लक्ष्मीची असते, ज्या आजीने तो रुपया गाठीला बांधून ठेवला तिचीही असते. राणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पूजा करणाऱ्यालाही राणीबद्दल फारसं ठाऊक असायची गरज पडत नाही.

याचा अर्थ लोक नाण्याकडे बघतच नाहीत असा नाही. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. इवलासा. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. मोठी ओरड झाली. सरकारने ती नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट काढली. राजाच्या चेहऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आपल्या श्रद्धेला जे भिडतं ते माणसाला नखाएवढं असलं तरी दिसतं.

देव्हाऱ्यातले टाकही असेच झिजतात. पण झिजलेला खंडोबा ओळखायला अडचण येत नाही. घोडा आहे, मागे म्हाळसा बसली आहे, पायाशी कुत्रा आहे. चेहरा नसला तरी देव कळतो. खुणा शाबूत असल्या की पुरे.

रोमच्या टाकसाळींना हे मर्म पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन चांदीचं नाणं म्हणजे दिनारियस. वजन जेमतेम चार ग्रॅम, आपल्या राणी छाप रुपयाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. एका बाजूला सम्राटाची मुद्रा. दुसऱ्या बाजूला बहुधा एखादी देवता किंवा एखादा गुण, आणि तो गुण बाईच्या रूपात उभा. हातात डहाळी असली की ती शांती. सुकाणू असलं की ती दैवगती. हातातल्या वाटीतून सापाला काही भरवत असली की ते आरोग्य. नागाला दूध ठेवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ती आरोग्यदेवता चटकन आपली वाटावी. सीमेवरच्या ज्या शिपायाला अक्षर येत नव्हतं त्यालाही पगाराच्या नाण्यावरून कळे, की सम्राटाने आपल्याला शांती दिली आहे. शांती खरोखर आली होती का, हा प्रश्न त्या नाण्यावर कुठे मावणार?

या सगळ्या नाण्यांत एका नाण्यापाशी माझं मन फार रेंगाळतं. सम्राट ऑगस्टसला मुलगा नव्हता. लेकीचे दोन मुलगे, गायस आणि ल्युशियस, त्याने दत्तक घेतले. पुढे राज्य त्यांचं, हे सगळ्यांना कळावं म्हणून इ.स.पूर्व २च्या सुमारास त्याने त्यांची नाणी पाडायला सुरुवात केली. टाकसाळ आजच्या फ्रान्समधल्या लिआँची. नाण्यावर दोन तरुण उभे आहेत. मध्ये त्यांच्या ढाली टेकवलेल्या, मागे भाले. वर पूजेची एक पळी आणि पुरोहिताची वाकडी काठी. आजोबांनी हौसेने मांडलेलं चित्र आहे ते. इ.स. २मध्ये ल्युशियस वारला. इ.स. ४मध्ये गायस गेला. एक विशीही न गाठलेला, दुसरा जेमतेम तेविशीचा.

नाणी मात्र निघालेली होती. जहाजात चढून, अरबी समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली. दक्षिण भारतात जमिनीखाली जे रोमन चांदीचे साठे सापडले त्यांत या दोन मुलांची नाणी आणि त्यांच्यामागून सम्राट झालेल्या टायबेरियसची नाणी सर्वांत जास्त आहेत. मिरी विकणाऱ्या, कापड विकणाऱ्या माणसाने ती दोन मुलं तळहातावर घेतली असतील. कसाला लावली असतील, वजन केलं असेल. रोममध्ये ते आजोबांचं दुःख होतं, इथे चार ग्रॅम चांदी. इथल्या माणसाला त्याबद्दल निष्ठुर म्हणता येणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काही ठिकाणी तर ती मुद्रा नुसती आवडली. मराठवाड्यात तेरला रोमन नाण्यांच्या घाटाची मातीची पदकं सापडली आहेत, दोरा ओवायला भोक असलेली. सम्राटाचं डोकं मातीत उठवून कुणीतरी गळ्यात घालत होतं. पुढे दीड हजार वर्षांनी व्हेनिसची सोन्याची नाणी इकडे आली, तिथल्या राज्यकर्त्याची आणि त्याच्या संताची चित्रं असलेली. आपण त्यांना पुतळी म्हटलं आणि त्यांच्या माळा केल्या. आजही लग्नात पुतळ्यांची माळ मिरवते. त्या संताचं नाव कुणी विचारत नाही. चित्र दागिना झालं, की ते घालणाऱ्याचं होतं.

खंडाळ्याच्या या भागालाही त्या रोमन व्यापाराचा स्पर्श होता. शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. कराडला आगाशिवाच्या डोंगरात आहेत. भिक्षू डोंगरात राहत, पण दान येईल अशा वाटेपासून फार लांब जात नसत. खाली कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पाठीशी, परका समुद्रदेव. तो इथवर आला तो वाटेनेच. खंडाळ्यातून आज जो रस्ता जातो त्याच्या आसपास कुठून तरी माणसं, बैल, गाठोडी तेव्हाही सरकत असणार. नीरा ओलांडायची आणि डोंगर चढायचा, याला फारसा दुसरा इलाज इथल्या जमिनीने ठेवलेला नाही.

रोमन चांदी पश्चिम किनाऱ्यावर उतरे ती मुख्यतः भडोचला. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, म्हटलं आहे की रोमन सोन्याचांदीची नाणी तिथे देशी नाण्यांत बदलली की नफा होतो. त्यात पैठण आणि तेरही आहे. पण दक्षिणेत सापडतात तसे रोमन चांदीचे मोठे साठे इकडे पश्चिमेला सापडत नाहीत. अभ्यासकांना वाटतं की ही चांदी इथे वितळवली गेली आणि क्षत्रपांच्या, म्हणजे इथल्या शक राज्यकर्त्यांच्या, टाकसाळीत तिला नवा जन्म मिळाला. आपल्या जमिनीत चांदी कमी. आली ती अशी बाहेरून आली.

त्या काळी नाशिक-जुन्नरचा मुलूख नहपान या शक क्षत्रपाच्या ताब्यात होता. त्याचं चांदीचं नाणं सुमारे दोन ग्रॅमचं. एका बाजूला राजाचा चेहरा, त्याभोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. बोटाच्या पेरावर मावेल अशा नाण्यावर तीन लिप्या. ग्रीक अक्षरांत लिहिलेलं आहे ते मात्र ग्रीक नाही, इथलंच नाव आणि इथलीच बिरुदं. आणि चेहरा? तो दर नाण्यागणिक बदलतो. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. राजा एकच, तोंडं अनेक. ठसा कोरणाऱ्या कारागिरांपुढे रोमन नाणी होती असं मानलं जातं. राजाचं नाव लिहिलेल्या त्या चेहऱ्यांत थोडा थोडा रोम मिसळला असेल.

या पैशाने काय होत असे तेही नाशिकच्या लेण्यात कोरलेलं आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. शस्त्राची खूण मिरवणारी चांदी अशी भिक्षूंच्या अंगावरचं कापड होत होती.

मग गौतमीपुत्र सातकर्णी आला. आपल्या सातवाहन घराण्याचं गेलेलं राज्य त्याने परत घेतलं आणि नहपानाचं घराणं संपवलं.

१९०६ साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, बहुधा नदीची. उलट्या बाजूला बाण आणि वज्रावर एकमेकांना जोडलेली चार वर्तुळं, ज्यांना उज्जैनी खूण म्हणतात ती.

या नाण्यांचे मोठे केलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. डोंगर कपाळावर उमटलेला असतो आणि खालून हनुवटी दिसते. कधी डोंगराच्या कमानीतून नाकाचं टोक बाहेर येतं. नदीची रेघ जबड्यावरून गेलेली असते. ग्रीक अक्षरांतली दोन-चार काठाला तगून असतात, त्यांच्या शेजारी नवी ब्राह्मी बसते. हातोडा जरा तिरका पडला तर डोळा पूर्ण वाचतो, आणि तो आपल्याकडे बघत राहतो.

एवढी चांदी हातात आल्यावर ती वितळवता आली असती. नवं, स्वच्छ नाणं पाडता आलं असतं. मग वर ठसा का मारला? घाई असेल. भट्टी लावण्यापेक्षा ठसा मारणं स्वस्त. नाणी चलनात होती, लोकांचा त्यांवर विश्वास होता, तो मोडायचा नसेल. आणि राज्य कुणाचं ते घरोघरी सांगायचंही असेल. मला ही सगळी कारणं खरी वाटतात. पण परिणाम कारणांपेक्षा मोठा झाला. जुना चेहरा राहिला. तो पुरता पुसला असता तर विजय कुणावर मिळवला हे त्या नाण्याला सांगताच आलं नसतं. जिंकलेल्याला आपली गोष्ट सांगण्यासाठी हरलेल्याचा चेहरा जपावा लागला.

नव्या ठशात राजाचं नाव आहे आणि त्याआधी आईचं. गौतमीचा पुत्र, श्री सातकर्णी. बापाचा उल्लेख नाही. त्या गौतमीनेच, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आपल्या मुलाबद्दल लिहून ठेवलं आहे. तेव्हा नातू पुळुमावी गादीवर होता, त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष होतं. म्हातारी आई मुलाचे गुण सांगते आहे. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश त्याने निपटून काढला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे ती सांगते. त्याच लेखात ती सांगते की तो आईची सेवा कधी चुकला नाही. आणि हेही, की अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची त्याला आवड नव्हती. वंश निपटल्याचं आणि जीव न घेण्याचं, ही दोन्ही वाक्यं एकाच भिंतीवर आहेत. इतिहासाचा अभ्यासक त्यांतल्या विसंगतीकडे बोट दाखवील, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या आईला दोन्ही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या हे महत्त्वाचं वाटतं. मुलाने लढाया मारल्या याचा तिला अभिमान होता. तो क्रूर नव्हता हे जगाला कळावं अशी तिची इच्छा होती. अशा आईचं नाव हजारो नाण्यांवर शत्रूच्या गालावर, कपाळावर उमटलेलं आहे.

पुढे घडलं ते मला याहून विलक्षण वाटतं. सातवाहनांची आधीची नाणी शिशाची, तांब्याची, मिश्र धातूची. त्यांवर हत्ती, सिंह, झाड, डोंगर. राजाचा चेहरा टाकायची त्यांची रीत नव्हती. नहपानाला हरवल्यावर त्यांनी चांदीची नाणी पाडायला घेतली आणि त्यांवर स्वतःचे चेहरे आले. गौतमीपुत्राचा आला, पुळुमावीचा आला, यज्ञ सातकर्णीचा आला. यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं तर संशोधक भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं. ज्या चेहऱ्यावर डोंगर मारला, त्या चेहऱ्याची चाल डोंगरवाल्यांनी उचलली.

आणि तिकडे? नहपानानंतर क्षत्रपांचं दुसरं घराणं आलं, चष्टनाचं. त्यांच्या नाण्यांवर एका बाजूला नहपानासारखाच चेहरा आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र राहिले नाहीत. तिथे तीन कमानींचा डोंगर आला, खाली नदीची रेघ, वर चंद्र आणि सूर्य. ज्या खुणेने नहपानाचं तोंड झाकलं होतं ती खूण त्याच्या मागून आलेल्यांनी आपली म्हणून घेतली. वैर संपलं नव्हतं. चष्टनाचा नातू रुद्रदामन याने इ.स. १५०च्या जुनागढच्या लेखात म्हटलं आहे की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे संपवलं नाही. कान्हेरीच्या एका लेखात सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी म्हणून येते. लढाई चालू, सोयरीकही चालू. नाण्यांवर खुणांची देवाणघेवाण चालू.

ही डोंगराची नाणी क्षत्रपांनी पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ पाडली. ग्रीक अक्षरांचा हळूहळू नुसता नक्षीसारखा काठ झाला, कारण ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती आणि वाचणारा कुणी उरला नव्हता. तरी कुणी ती काढून टाकली नाहीत. चेहऱ्यामागे शकाचं वर्ष आलं. राजाच्या नावाबरोबर बापाचं नाव आलं.

खंडाळ्याच्याच जिल्ह्यात कराडला १८६१ साली या क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी चलनात होती तेव्हा सातवाहन जाऊन काळ लोटला होता. कराडच्या बाजारात ज्याने ते नाणं मोजून घेतलं त्याला जोगलटेंभी माहीत असण्याचं कारण नव्हतं. गौतमीच्या मुलाने हा डोंगर पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावर मारला हे त्याला कोण सांगणार? आता तो चेहरा एका बाजूला होता, डोंगर दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोघांचं काही भांडण होतं हे नाण्याकडे पाहून कळलं नसतं. त्याने चांदी वाजवून पाहिली असेल, खणखणीत वाटली असेल आणि नाणं कनवटीला लावून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असेल.